नागपूरचं गाणं-नाटक: वस्तीत टिकलं, सभागृहात का आटलं?

बडकस_चौक (धागाकर्ता)

“नागपुरात सांस्कृतिक असं काही होतच नाही” हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. म्हणणारा बहुतेक वेळा धरमपेठ-रामदासपेठ-लक्ष्मीनगर या पट्ट्यातला असतो आणि त्याच्या मनात पुणं असतं. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा.

मी महालातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदातून उभ्या केलेल्या त्या दोघी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मागे बडगे, तेही पुतळेच. महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, त्या वर्षी लोकांना जे जे छळतं त्याचा बडगा. “घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी हजारो लोक एका सुरात देतात. यात मूर्तिकाम आहे, नाटक आहे, गाणं आहे. हे कोणी बसवून घेत नाही, कोणी तालमी घेत नाही.

पितृपक्षात भोसल्यांच्या वाड्यात हाडपक्या गणपती बसतो, त्यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. बाकी ठिकाणी त्या पंधरवड्यात गाणं-बजावणं टाळतात, इथे गणपतीपुढे खडी गंमत, लावणी, नकला यांची परंपरा आहे. शाहीर उभ्यानेच गातो, डफ आणि ढोलकी उभ्यानेच वाजते, म्हणून तर ती ‘खडी’.

मग दसरा आणि दीक्षाभूमी. मग दिवाळीनंतर पूर्वेकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावांची, नाटकं. ताजबागेत उर्साच्या कव्वाल्या.

माझं म्हणणं असं: या शहरात जी कला वस्तीने आपली मानली, जिच्यासाठी घरटी वर्गणी निघाली, ती टिकली. जी कला आपण सभागृह, समिती आणि प्रायोजक यांच्या हवाली केली ती आटत गेली. तुम्हाला काय वाटतं? आणि असं असेल तर ख्याल, प्रायोगिक नाटक, चित्रप्रदर्शन यांना त्यांची वस्ती कुठून मिळणार?

---

पुण्यातला_वऱ्हाडी

लेख आवडला, पण पटला अर्धाच. मारबत वर्षातून एकदा. हाडपक्या वर्षातून एकदा. शहरात संगीत आहे असं मी तेव्हा म्हणेन, जेव्हा एखाद्या साध्या शनिवारी, सण-वार काही नसताना, मी घराबाहेर पडलो आणि मला चांगलं काही ऐकायला मिळालं. मूळचा नागपूरचा आहे, सुटीत येतो तेव्हा पेपरात ‘आजचे कार्यक्रम’ शोधतो. बहुतेक सत्कार असतात, पुस्तक प्रकाशनं असतात. गाणं असलंच तर “सदाबहार गीतांचा कार्यक्रम”. परंपरेचा अभिमान मलाही आहे, पण त्याने शनिवारची संध्याकाळ भरत नाही.

---

वडसा_लाइन

मी झाडीपट्टीत काम करते. राहते नागपुरात, पोट वडशावर. वाचून लिहिल्याशिवाय राहावलं नाही.

दसऱ्याच्या आसपास वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात. गावोगावची मंडळं येतात, कलाकारांची यादी पाहतात, नाटक निवडतात, तारीख धरतात, रक्कम ठरते. कंपनीला पैसे मंडळ देते आणि मंडळ ते तिकिटातून काढते. तिकीट म्हणजे तिकीटच, पास नाही. धान निघालेल्या मोकळ्या शेतात कनाती लागतात. समोर खुर्च्या, मागे खाली बसणारे, दोन्हीचे भाव वेगळे. रात्री दहाच्या आसपास पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक चालते. गाणी असतातच. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक हजर असतात, कारण पब्लिकनं वन्समोअर दिला की गाणं तिथल्या तिथे परत घ्यावं लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे हेच. होळीपर्यंत सीझन.

आता लोक येतात काहून ते सांगते. त्या दिवशी गावात मंडई, म्हणजे गावजत्रा, असते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी तिथेच जुळतात. पाहुण्याला जेवू घालायचं आणि रात्री नाटकाला न्यायचं, हा पाहुणचार. नाटक नसेल तर मंडई अर्धी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बंदीनंतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, थांबले होते, तरी नाटक थांबलं नाही. आमच्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नागपूरच्या कितीक लोकांनी पहिल्यांदा विचारलं की झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय. याचं मला वाईट वाटलं. आमच्यातल्या स्त्री भूमिका करणाऱ्या बऱ्याच जणी नागपूरच्याच आहेत. तुमच्याच शेजारी राहतात. सीझनमध्ये सकाळी गाडीतून उतरून घरी येतात, लेकरांचे डबे करतात, दुपारी परत निघतात.

आणि नागपुरात नाटकाला येत नाहीत म्हणता ते लोक मंडईला गावी गेले की रात्रभर हलत नाहीत. मग प्रेक्षक नाही असं कसं म्हणता?

---

आठ_रस्ता

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आम्हा हौशी रंगकर्मींनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. दोन-अडीच महिने तालमी. नोकरी करून आलेली पोरं रात्री उशिरापर्यंत एखाद्या शाळेच्या वर्गात उभी. नेपथ्य स्वतः ठोकायचं. आणि हे सगळं राज्य नाट्य स्पर्धेच्या एका प्रयोगासाठी. पहिला नंबर आला तर अंतिम फेरीत दुसरा प्रयोग. नाही आला तर नाटक तिथेच संपलं. सेटचं लाकूड पुढच्या वर्षी कामी यावं म्हणून कोणाच्या तरी गच्चीवर. प्रेक्षक कोण? तर स्पर्धेतले बाकीचे संघ आणि आपले नातेवाईक. ज्या नाटकाचे वीस प्रयोग व्हायला हवेत ते एका रात्रीत मरतं. नट प्रयोगागणिक वाढतो, पाचव्या-सहाव्या प्रयोगाला त्याला वाक्याचा खरा अर्थ लागतो. आमच्या नटाला तो टप्पा आयुष्यात येतच नाही. झाडीपट्टीतली नटी एका सीझनमध्ये जेवढे प्रयोग करते तेवढे आमच्यातला गुणी नट दहा वर्षांत करत नाही.

आणि या शहराची नाटकाची पुण्याई लहान नाही. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यांनी इथे रंजन कला मंदिर काढलं, आकाशवाणीत काम केलं, पोरांना हाताला धरून उभं केलं. वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला १९२० साली, पण गाणं शिकले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं तेव्हा लिहिणारे दारव्हेकर आणि खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव, दोघेही इथलेच. कंपनी मात्र मुंबईची. महेश एलकुंचवार नागपुरात राहून लिहीत आले आणि त्यांची नाटकं देशभर झाली. म्हणजे लेखक आपल्याकडे आहे, नट आपल्याकडे आहे. निर्मिती आणि प्रयोगांची साखळी आपल्याकडे नाही.

धनवटे रंगमंदिराबद्दल जुन्या लोकांना विचारा, बोलताना आवाज बदलतो. ते पाडलं गेलं त्यानंतर सीताबर्डीच्या ऐन वस्तीतली, सिटी बसनं जाता येईल अशी नाटकाची सवय मोडली असं माझं मत आहे. आज सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, लक्ष्मीनगरला सायंटिफिक सभागृह आहे, रेशीमबागेत २०१७ पासून सुमारे दोन हजार आसनांचं सुरेश भट सभागृह आहे. २०१९ चं ९९ वं नाट्यसंमेलन रेशीमबागेतच झालं. मोठ्या वास्तू झाल्या याचा आनंदच आहे. पण दीडशे-दोनशे खुर्च्यांची, प्रकाशयोजना कायम टांगलेली, दर आठवड्याला परवडेल अशी जागा दाखवा. तिथे प्रयोगांची सवय लागते, दोन हजार खुर्च्यांसमोर ती लागत नाही.

---

बडकस_चौक

@पुण्यातला_वऱ्हाडी, साध्या शनिवारचा मुद्दा मान्य. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ताईंच्या आणि @आठ_रस्ता यांच्या प्रतिसादात मिळतंय. मंडईतलं नाटक पाहुणचाराला जोडलेलं आहे. शनिवारचं गाणं कशाला जोडलेलं आहे? कशालाच नाही. म्हणून ते सुटं पडतं.

---

स्वरमंडल

मी गाणं शिकवते, त्यामुळे शास्त्रीय संगीतापुरतंच लिहीन.

‘वस्तीने सांभाळलं ते टिकलं’ हे ऐकायला छान आहे, पण ख्याल मिरवणुकीत गाता येत नाही. त्याला शांतता लागते, तानपुऱ्याचे सूर ऐकू येतील इतकी. ऐकणाराही थोडा तयार लागतो. मात्र एक गोष्ट खरी. शास्त्रीय गाण्याचीही वस्ती एके काळी होती. गणेशोत्सवात मंडळं गवयाला बोलवायची. देवळात गाणं व्हायचं. वाड्याच्या माडीवर बैठक व्हायची आणि गल्लीतले लोक पायऱ्यांवर बसून ऐकायचे. धंतोलीत बंगाली कुटुंबांची दुर्गापूजा, रामदासपेठेकडे दक्षिण भारतीय मंडळींचं गाणं, हेही या शहराच्या कानावर होतं. रेल्वेने, कचेऱ्यांनी माणसं आणली आणि ती आपलं संगीत घेऊन आली. १९४८ साली इथे आकाशवाणी सुरू झाली, मग कलाकाराला श्रेणी मिळू लागली. ‘बी हाय’ मिळाली की घरी पेढे वाटले जायचे.

आज माझ्याकडे मुलं येतात ती पाचवी-सहावीत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात हे पालकांना नीट माहीत असतं आणि त्यात गैर काही नाही. पण दहावीचा निकाल लागला की तानपुरा खोळीत जातो. ज्या वयात आवाज बसतो, रागाचा विस्तार कळायला लागतो, नेमक्या त्या वयात मूल क्लास सोडतं. हे मला फार लागतं. मी आईवडिलांना विनवते, आठवड्यातून एक दिवस तरी पाठवा. काही ऐकतात.

त्यातूनही जो मुलगा टिकला, विशारद झाला, त्याने गायचं कुठे? दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र वसंतरावांच्या स्मृतीत समारोह करतं, कालिदास समारोह होतो, सप्तकसारखी संस्था मैफली ठेवते. हे मोठे मंच. तिथे पोचण्याआधी माणसाने पन्नास ठिकाणी गाऊन चुका करायला हव्यात. त्या चुका करायची जागा म्हणजे पंचवीस-तीस माणसांची बैठक. तीच नाहीशी झाली.

अजून एक. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. नियम योग्यच आहे, आजारी माणसांनी काय करावं? पण त्याच नियमात बंद सभागृहाला मोकळीक आहे, हे आयोजक विसरतात. सगळे कार्यक्रम साडेसहाला सुरू आणि साडेनऊला आटोपलेले. नागपूरच्या तरुण श्रोत्याने दरबारी किंवा मालकंस त्याच्या वेळेला समोर बसून ऐकलेला नाही. ललत, भटियार तर सोडाच. इथे झाडीपट्टीत लोक पहाटेपर्यंत बसतात असं वाचलं आणि मला हेवा वाटला.

---

साठीतला_सूर

मला कराओकेवाल्यांची बाजू मांडायची आहे, कारण पुढे कोणीतरी त्यांच्यावर घसरणार हे दिसतंय.

गेल्या काही वर्षांत नागपुरात कराओके क्लब गल्लोगल्ली झाले. त्यात कोण आहेत? बँकेतून निवृत्त झालेले, शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलं बंगळुरूला गेल्यामुळे घरात एकट्या पडलेल्या बायका. लहानपणी “गाणं शिकायचंय” म्हटल्यावर ज्यांना गप्प बसवलं गेलं अशा कितीतरी बायका आज साठीत माइक हातात धरतात. त्या आठवडाभर एका गाण्याचा रियाज करतात, शब्द पाठ करतात, मुद्दाम साडी निवडतात. ही कलेवरची निष्ठा नाही तर काय आहे? आमच्याकडे वर्गणी निघते, हॉलचं भाडं आम्ही भरतो, कोणाकडे हात पसरत नाही. धागाकर्त्याच्याच भाषेत सांगायचं तर आम्हीही एक वस्ती आहोत.

---

डग्गा

@साठीतला_सूर काका, मनापासून मान्य. माझी मावशी अशाच क्लबात गाते आणि ती आता जास्त आनंदी आहे.

पण मी तबला वाजवतो. ढोलक आणि ऑक्टोपॅडही वाजवतो, कारण नुसत्या तबल्यावर घर चालत नाही. पूर्वी एखाद्या हॉलमध्ये ‘सुमधुर गीतांचा’ कार्यक्रम म्हटला की की-बोर्ड, गिटार, तबला-ढोलक, बासरी असे सहा-सात जण लागायचे. सहा घरांत पैसे जायचे. आता एक लॅपटॉप लागतो. गाणाऱ्यांची संख्या पाचपट झाली आणि वाजवणाऱ्यांचं काम मात्र कमी झालं. संगतकाराला कार्यक्रमानंतर “पुढच्या वेळी पाहू” हे ऐकायची सवय झाली आहे. एका आयोजकाने शाल-श्रीफळ दिलं आणि मानधनाचा विषयच काढला नाही. रिक्षाचं भाडं मी दिलं.

ट्रॅक गायकाला कधी सावरून घेत नाही. तुम्ही अंतऱ्याला अर्धी मात्रा उशिरा आलात तर तबलजी तुमच्यासाठी थांबतो, ट्रॅक निघून जातो. काका, तुमच्या क्लबात महिन्यातून एक संध्याकाळ तरी माणसांसोबत गा. दोन वादक पुरेत, पेटी आणि तबला. गाणाऱ्यांनाच फरक कळेल.

---

साठीतला_सूर

क्लबच्या पुढच्या सभेत हा विषय ठेवतो. दोन वादकांचा खर्च वीस जणांत वाटला तर काहीच नाही. अवघड जाईल ते आमच्यातल्या काहींना, कारण पट्टी सांगता येत नाही. ते तुम्ही लोकांनी सांभाळून घ्यायचं.

---

इंदोरा_रोड

सगळा धागा वाचला. दीक्षाभूमीचा उल्लेख पहिल्या पोस्टमध्ये एका ओळीत आला आणि पुढे निघून गेला, म्हणून लिहितो.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर उत्तर नागपुरात जी गाणी लिहिली, गायली गेली त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या आज्यांना वाचता येत नव्हतं. बाबासाहेब काय म्हणाले, बुद्धाने काय सांगितलं, हे त्यांना गाण्यातून कळलं. वामनदादा कर्डक गावोगाव फिरत गायचे, इकडेही त्यांची गाणी तोंडपाठ असलेली माणसं अजून आहेत. कव्वालीचा बाज, बुलबुल (बुलबुलतरंग हे वाद्य), ढोलक, पेटी, आणि समोरासमोर गायक-गायिकेचा मुकाबला. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. ज्याला हे जमतं त्याचं वृत्तावरचं आणि तालावरचं प्रभुत्व बघा. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री संविधान चौकात उभं राहा आणि ऐका. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांची दुकानं लागतात. कॅसेट गेली, सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आता यूट्यूब. माध्यम बदलत गेलं, गाणं लिहिणारा कवी वस्तीतलाच राहिला.

माझी तक्रार सरळ आहे. आमच्या गायकाला ‘सांस्कृतिक’ म्हणवणाऱ्या मंचावर एप्रिल आणि डिसेंबर सोडून कोणी बोलावत नाही. गझलेच्या कार्यक्रमात त्याला जागा नाही, लोकसंगीताच्या महोत्सवात क्वचित. सुरेश भटांच्या नावाचं सभागृह आपण अभिमानाने सांगतो. भट जन्मले अमरावतीला, पण इथेच राहिले, इथेच २००३ साली गेले. त्यांनी बाबासाहेबांवर लिहिलं, बुद्धाचा मार्ग धरला. त्यांची गझल आणि आमच्या मोहल्ल्यातली कव्वाली एकमेकींच्या सख्ख्या आहेत. दोन्ही एका संध्याकाळी एका मंचावर ठेवायला काय हरकत आहे?

‘झुंड’ हा चित्रपट २०२२ साली आला तेव्हा नागपूरच्या वस्तीतली पोरं पडद्यावर पाहून सगळे म्हणाले, एवढी गुणी पोरं कुठे होती? इथेच होती.

---

स्वरमंडल

@इंदोरा_रोड, मुकाबल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून वाटलं, माझ्या विद्यार्थ्यांनी हे ऐकलं पाहिजे. लय अंगात भिनलेली असल्याशिवाय ऐनवेळी जवाब सुचत नाही. वर्गात हे शिकवता येत नाही.

---

चितारओळ

गाणं-नाटकाच्या धाग्यात मूर्तिकामाचं लिहितो, चालेल ना?

महालातली आमची चितार ओळ भोसल्यांच्या काळापासूनची. पूर्वी वाड्यांच्या भिंती रंगवायच्या, लाकडावर काम करायचं, आता मुख्य काम गणपती आणि दुर्गा. उन्हाळ्यात माती येते, भिजते, मळली जाते. पीओपीच्या साच्यातली मूर्ती आली आणि हाताने घडवणाऱ्याला भावात टिकता येईना. साचेवाला एका दिवसात जेवढ्या काढतो तेवढ्या आम्ही महिन्यात करतो. तरी जुनी घरं अजून दरवर्षी त्याच कारागिराकडे येतात, आजोबांनी आणला तोच चेहरा मागतात. मीही शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलो. तिथून बाहेर पडलेली माझ्या बरोबरची बहुतेक मुलं पुण्या-मुंबईला डिझाइनमध्ये गेली. मी राहिलो कारण डोळे आखायचं काम अजून हातानेच होतं. डोळे आखताना आमच्या ओळीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

नाटकवाल्यांना सांगणं आहे: तुमचा सेट गच्चीवर सडतो म्हणता, आमच्याकडे जानेवारी ते मार्च हाताला काम कमी असतं. पडदे रंगवून घ्या आमच्याकडून. फ्लेक्स छापू नका.

---

आठ_रस्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं. भेटू या.

---

ताजबाग_वळण

उमरेड रोडवरून एक आवाज माझा. ताजुद्दीनबाबांना (१८६१–१९२५) शक्करदऱ्याच्या वाड्यात राजे रघुजीराव भोसल्यांनी आणलं, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. दरगाहवर येणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसं. उर्साला कव्वाली ऐकायला बसलेल्या माणसाला कोणी पास विचारत नाही आणि कव्वालाची झोळीही रिकामी जात नाही, नोटा पुढे ठेवायला माणसं रांगेने उठतात. ऐकणाऱ्याने आपल्या हाताने कलाकारापुढे काही ठेवायचं, ही रीत सभागृहात आली तर किती बरं होईल.

---

पुण्यातला_वऱ्हाडी

पासचा विषय निघालाच आहे तर बोलू. २०१७ पासून खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो. ईश्वर देशमुख महाविद्यालयाचं मैदान भरतं. प्रवेश पासवर, फुकट. एरवी ज्यांची तिकिटं सामान्य घराला परवडली नसती अशी नावं नागपूरकरांना समोर पाहायला मिळाली, स्थानिक कलाकारांनाही मंच मिळाला. हे चांगलंच झालं. पण फुकटाची सवय लागली की दीडशे रुपयांचं तिकीट महाग वाटायला लागतं, हे कोणी नाकारेल का?

---

बडकस_चौक

नाकारणार नाही, पण दोष महोत्सवाला देणार नाही. “पास आहे का?” ही नागपूरची सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे. झाडीपट्टीतला शेतकरी तिकीट काढतो आणि आपला डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी ओळखीवर पुढची खुर्ची मागतो. शेतकऱ्याला ठाऊक असतं की ते नाटक त्याच्या गावाचं आहे, ते बुडालं तर अब्रू गावाची जाईल. डॉक्टरला ते गाणं आयोजकाचं वाटतं. फरक एवढाच, आणि सगळा त्यातच आहे.

---

इंदोरा_रोड

मग बोलणं पुरे. आमच्या विहाराला लागून एक हॉल आहे, सव्वाशे-दीडशे लोक सतरंजीवर बसतील. भाडं लागणार नाही, समितीशी मी बोलतो. एका शनिवारी अर्धा वेळ ख्याल, अर्धा वेळ आमच्याकडची कव्वाली. @स्वरमंडल ताई, तुमचा एखादा टिकलेला विद्यार्थी गाईल का?

---

स्वरमंडल

गाईल. एक मुलगी आहे, नोकरी करून गाते. पण काही अटी. ख्याल आधी, कारण ढोलक-बुलबुलनंतर कानाला तानपुरा लागत नाही. ध्वनिक्षेपक अगदी हलका. आणि चहा मध्यंतरात, गाणं चालू असताना पेले फिरणार नाहीत. मुकाबला मात्र मला पुढे बसून ऐकायचा आहे.

---

पुण्यातला_वऱ्हाडी

लक्ष्मीनगरचे लोक इंदोऱ्याला येतील? आणि इंदोऱ्याचे लोक ख्यालाला बसतील?

---

वडसा_लाइन

बसतील. लोकांना पहिला अर्धा तास द्या, गायकानं काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगावं, मग बसतात. गावाकडे तीन पिढ्या एका सतरंजीवर बसून पाहतात, सगळ्यांना सगळं कळते असं थोडीच आहे. लक्ष्मीनगरवाल्यांचं मला माहीत नाही, त्यांनी यावं.

---

साठीतला_सूर

आमच्या क्लबातून पंधरा-वीस जण नक्की. तिकीट काढून. आमच्या दोन गाड्या आहेत, लक्ष्मीनगर-खामला भागातून कोणाला यायचं असेल तर आधी सांगा.

---

बडकस_चौक

तिकीट शंभर रुपये ठेवू. आधी संगतकारांचं मानधन बाजूला काढायचं, मग गायकांचं, उरलं तर चहा. पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार काही नाही. वेळेवर सुरू. पास कोणालाही नाही, मलाही नाही.

@चितारओळ, मागे लावायला एक हाताने रंगवलेला पडदा मिळेल का? खर्च सांगा.

---

डग्गा

तबला मी वाजवतो. मुलीची पट्टी कळवा, काळी चार असेल तर माझ्याकडे जोडी आहे, पांढरी पाच असेल तर मित्राची आणावी लागेल. पेटीवाला अजून हवा. बुलबुल आणि ढोलक त्यांचे येतीलच. उत्तर नागपुरात राहणारा कोणी पेटीवाला माहीत असेल तर इथे लिहा, सामान घेऊन शहर ओलांडण्यात अर्धी संध्याकाळ जाते.